केसलापूरला गाड्यांचा तळ हवा, हॉटेल नको

युरोपातली कुटुंबे डिसेंबरात मोटारहोम घेऊन नाताळबाजार पालथे घालतात. आपल्याला त्यातली रोषणाई दिसते, तिथल्या नगरपालिकांची तजवीज दिसत नाही. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासून भरतो, पण घर चाकांवर घेऊन आलेला पाहुणा थेट बाजाराच्या चौकात गाडी घालत नाही. जर्मनीत अनेक गावांनी अशा गाड्यांसाठी वेगळी मोकळी जागा राखली आहे. तिथे पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि सांडपाणी ओतायची सोय एवढेच असते. रात्रीचे पैसे द्यायचे, सकाळी निघायचे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याने उचलावी अशी गोष्ट हीच. जत्रा आणि थंडी त्याच्याकडे भरपूर आहे.

पौष अमावस्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातले गोंड त्याआधी पायी जाऊन हस्तलमडुगूहून गोदावरीचे पाणी आणतात, इंद्रादेवीशी थांबतात आणि मग केसलापूरच्या वडांखाली उतरतात. बैलबंड्या सुटतात, बिऱ्हाडे लागतात. स्वयंपाक मात्र ठरलेल्या २२ चुलींवरच. कुटुंबे कितीही येवोत, चूल वाढत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे. महापूजा रात्री होते, नव्या सुनांची देवाशी भेट त्यानंतर. हल्ली बंड्यांच्या जोडीला ट्रॅक्टर आणि जीपही दिसतात, पण शिस्त जुनीच आहे. चाकांवरचे बिऱ्हाड घेऊन ऐन थंडीत मुक्कामाला यायचे कसे, हे या मुलखाला कुणी शिकवायला नको.

प्रश्न बाहेरून येणाऱ्यांचा आहे. नागपूर, यवतमाळ, नांदेड किंवा हैदराबादहून आलेल्या माणसाला गावात पाठ टेकायला जागा नसेल, तर तो दुपारी येणार आणि दिवस मावळायच्या आत आदिलाबाद शहर गाठणार. राहण्याजेवण्याचा पैसा शहरातच पडणार. या भागातले ओझा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत पितळ ओततात. या डोकरा कामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अशी वस्तू घाईत विकली जात नाही. गिऱ्हाईक रेंगाळले, पुन्हा फिरून आले, तरच तिचे मोल त्याला पटते.

मग हॉटेल का नको? हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला भाग आहे. १९५९ चा जमीन हस्तांतरण नियम आणि १९७० ची त्यातली दुरुस्ती, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘वन सेव्हन्टी’, आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगरआदिवासींच्या हाती जाऊ देत नाही. पर्यटनवाल्यांना ही अडचण वाटते. माझ्या मते ते केसलापूरचे नशीब आहे. गाड्यांच्या तळाला जमीन विकावी लागत नाही. जत्रेपुरती ती वापरायची, एरवी तिच्यावर गुरे चरतील. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यातल्या सोयींची यादी इथे कामी येईल. मालकी आणि दर मात्र ग्रामसभेने ठरवावेत.

यावर म्हटले जाईल की कॅराव्हॅन हे पैसेवाल्यांचे खूळ आहे. बऱ्याच अंशी खरे. पण तळावर नळ आणि शौचालय असले की तिथे जीपमध्ये झोपणारे कुटुंबही उतरते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या अंथरणारेही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कुळाच्या देवाची पूजा परक्यांसाठी तमाशा होईल. ही भीती खोटी नाही. कॅमेरे घेऊन चुलींभोवती घुटमळणारे लोक कुणालाही नकोसे वाटतील. मात्र तळ नसला म्हणून गर्दी यायची थांबत नाही. ती वाटेल तिथे गाड्या लावते आणि वडाखाली घुसते. तळ गावाबाहेर ठेवला, गाड्यांची संख्या बांधून दिली आणि पूजेच्या जागेची हद्द मेसराम पंचांनी आखली, तर ‘इथून पुढे नाही’ म्हणायला गावाला आधार मिळतो. सांडपाण्याच्या टाकीत हयगय झाली तर मात्र हा सगळा युक्तिवाद नाल्यात गेला, हेही मान्य करायला हवे.

निर्णय कुठे मागायचा हे शोधायला नको. १९४० मध्ये निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले, आणि त्याच दशकात जत्रेत दरबार भरू लागला. अधिकारी तिथे येऊन गाऱ्हाणी ऐकतात. पुढच्या दरबारात जागेचा पट्टा नव्हे, नळ, शौचालय आणि सांडपाण्याची टाकी मागावी, आणि चाव्या ग्रामसभेकडे राहतील हे तिथेच लिहून घ्यावे.