गोबरगॅसची टाकी बांधाल हो, पण तिला रोज वैरण कोण घालणार?

गावात एक चक्कर मारा. एखाद्या जुन्या गोठ्यामागं बंद पडलेली गोबरगॅसची टाकी दिसेलच. आत माती, वर गवत. १९८१-८२ पासून केंद्र सरकार यासाठी मदत देतंय. २०१८ च्या अर्थसंकल्पात ‘गोबरधन’ योजनाही आली. मग टाक्या बंद का पडतात?

अनुदान बांधकामाला मिळतं, गॅस मात्र सूक्ष्मजीव तयार करतात. हवाबंद टाकीत काही जिवाणू शेण कुजवून त्याची आम्लं करतात. दुसरे सूक्ष्मजीव त्यातून मिथेन बनवतात. शेगडीवर जळतो तो हाच. या जिवांचं जनावरासारखंच असतं. रोज वैरण पाहिजे, थंडी मानवत नाही.

आता हिशोब बघा. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. शिवाय ५० लिटर पाणी. टाकी पूर्ण चालली तर महिन्याला दीड-पावणेदोन सिलिंडरइतका गॅस मिळतो. फायदा आहेच.

पण राज्यातली गाई-बैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत १ कोटी ५५ लाखांच्या घरात होती, ती २०१९ ला १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. दोन जनावरांच्या दारात चार जनावरांची टाकी बांधली, तर ती उपाशीच राहणार. आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरानं रोजचे ५० लिटर आणायचे कुठून? ते काम बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच डोक्यावर येतं.

म्हणून अर्ज करण्याआधी एवढं बघा:

• टाकीचं माप अनुदान बघून नको, गोठ्यातली जनावरं मोजून ठरवा.
• गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी टाकीत सोडू नका, सूक्ष्मजीव मरतात.
• सुरुवातीचा गॅस नीट पेटत नाही. म्हणून टाकी फसली असं समजू नका, काही आठवडे थांबा. चालू टाकीतली थोडी स्लरी विरजणासारखी घातली तर काम लवकर लागतं.
• बाहेर पडणारी स्लरी उत्तम खत आहे. ती वाया गेली तर निम्मा फायदा गेला.

आणि ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: दोन वर्षांनी पाइप गळला, घुमटाला चीर गेली, तर दुरुस्तीला कोण येणार? याचं उत्तर नसेल, तर आणखी एका टाकीत गवत उगवायला वेळ लागणार नाही.