परवाना मागता, पण काडतुसांचे काय?

गावात अत्याचार झाला की मोर्चात एक मागणी हमखास येते : आम्हाला आत्मसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्या! मागणी बेकायदेशीर मुळीच नाही. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत, नियम ३ मध्ये, तशी तरतूदच आहे. अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या प्रौढांना सरकार परवाने देऊ शकते. पण निवेदन लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारावेसे वाटते, परवाना मिळाला, रिव्हॉल्व्हर आले, तर त्यात गोळी कोणती भरणार आणि सराव कशाने करणार?

अमेरिकेत लोक दोन तऱ्हेची काडतुसे घेतात. सरावाला साधी, स्वस्त. संरक्षणाला पोकळ टोकाची, महाग. ती अंगात शिरल्यावर पसरते, आरपार जाण्याचा धोका कमी होतो. पण ती महागाची गोळीही आधी थोडी झाडून पाहावी लागते, कारण गोळीचे वजन बदलले की नेम बदलतो. आपल्याकडे .३८ आणि ९ मि.मी. बोअर सामान्य नागरिकाला बंद, म्हणून हाती राहते ते मुख्यतः .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ चे रिव्हॉल्व्हर काढले. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती! शेतमजूर बाईने ते कोणत्या मजुरीतून घ्यायचे? काडतुसेही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात. म्हणून घेणारा ती झाडत नाही, पेटीत जपून ठेवतो. असा माणूस अंधारात, थरथरत्या हाताने नेम धरणार कसा? आपल्या वस्तीच्या भिंती पत्र्याच्या. चुकलेली गोळी गोल टोकाची असो की पोकळ, पत्रा भेदून शेजारच्या घरात जाते, आणि तिथे आपलेच पोर झोपलेले असते.

शिवाय सिलिंडरमध्ये गोळ्या सहा. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी जमाव चालून आला होता.

परवाना मागूच नका, असे माझे म्हणणे नाही. पण त्याच नियमात परवान्याच्या आधी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्या आपले लोक वाचत नाहीत. अशा क्षेत्रात इतरांचे शस्त्र परवाने रद्द करून त्यांची हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करता येतात, आणि बेकायदा शस्त्रे जप्त करता येतात. हे करायला आपल्याला एक पैसा लागत नाही, एक काडतूस लागत नाही. लागते ती जिल्हाधिकाऱ्याची सही. निवेदनात ही मागणी पहिली लिहा. परवान्याची त्याखाली, आणि तिच्यासोबत शस्त्र, प्रशिक्षण व सरावाची काडतुसे सरकारी खर्चाने, हेही लिहा.