सत्तरीनंतर गाडी चालवता येते का? कायदा काय सांगतो?

"बाबा, आता गाडी बास करा!" अनेक घरांत हा वाद होतो. पण ठरावीक वयानंतर गाडी चालवायला खरंच बंदी आहे का?

नाही. भारतात खासगी गाडी चालवण्यासाठी कमाल वयाची अट नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार, वयाच्या ५५नंतर लायसन्स एका वेळी ५ वर्षांसाठी मिळतं. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं, तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते.

अडचण कुठे आहे?

५ वर्षांत बरंच काही बदलतं. मोतीबिंदू हळूहळू वाढतो, त्यामुळे तो चटकन लक्षात येत नाही. समोरच्या हेडलाइटने डोळे दिपतात. मधुमेहाच्या काही औषधांनी साखर अचानक उतरू शकते, तर सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते.

ही लक्षणं दिसली तर सावध व्हा:
- गाडीवर नवे ओरखडे
- ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ
- ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय

शेवटचं लक्षण दिसलं, तर गाडी थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

मग करायचं काय?

दरवर्षी डोळे तपासा. गाडी चालवता हे डॉक्टरांना सांगूनच औषधं घ्या. रात्री आणि मुसळधार पावसात गाडी टाळा.

आणि मुलांनो, थेट किल्ली काढून घेऊ नका. बँक, दवाखाना, मित्रांचा कट्टा, सगळंच त्या किल्लीवर चालतं. आधी शेजारच्या सीटवर बसा आणि वय नाही, ड्रायव्हिंग बघा.