शेक घ्यायचा की प्यायचा?

"बाबा, आजपासून तुम्ही रोज शेक घ्यायचा," असे कन्येने जाहीर केले, तेव्हा मी निमूटपणे लेंगा गुडघ्यापर्यंत वर सारला. मराठीच्या प्राध्यापकाला 'शेक' म्हटले की गरम पाण्याची रबरी पिशवीच आठवणार! तिला अभिप्रेत होते ते पेय. तेही 'लो-कार्ब', म्हणजे कर्बोदके कमी असलेले.

कारणही तसेच होते. नवरात्रात केलेल्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.८ निघाला. ६.५ पासून पुढे मधुमेह. "सर, आता जिभेला थोडे व्याकरण शिकवा," डॉक्टर म्हणाले. मी हसलो खरा. पण घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे वडील होते. मधुमेहाने त्यांची दृष्टी नेली. शेवटची तीन वर्षे मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. दिवाळीत आम्ही फराळाला बसलो, की ते आपण होऊन गॅलरीत जाऊन बसत.

कन्येने माझ्या लाडक्या केळ्याच्या शेकचा हिशेब मांडला. एका मध्यम केळ्यात कर्बोदके सुमारे २५ ग्रॅम, पेलाभर दुधात १०, दोन चमचे साखरेत आणखी ८ ते १०. "मग साखरेऐवजी मध घालू," मी म्हणालो. "बाबा, तीही साखरच. नाव तेवढे सोज्वळ!"

पहिला प्रयोग झाला पालकाचा. त्याची चव परीक्षा विभागाच्या परिपत्रकासारखी होती. दुसऱ्यांदा हाती धरवेना. तेव्हा सौ.ने मिक्सर आपल्या ताब्यात घेतला.

"दाटपणा केळ्यानेच येतो, असे कोणी सांगितले?" तिने रात्री भिजवून सोललेले दहा बदाम, तीन चमचे चक्का, वेलदोड्याची पूड, केशराच्या दोन काड्या आणि अर्धा पेला गार पाणी एकत्र फिरवले. चक्काच का? दही टांगले, की दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर निथळून जाते. साखरेचा कणही नसताना वेलदोड्याच्या वासानेच जीभ फसली!

दुसरे पेय तिच्या माहेरचे, रत्नागिरीचे. नारळाचे दूध, आमसुलांचे पाणी, लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर. होय, सोलकढी! बाटलीतले गोड कोकम सरबत मात्र त्यात ओतू नये. नारळात स्निग्धांश भरपूर, म्हणून एकच पेला. दुसऱ्याचा आग्रह कोणी करू नये.

वाचकहो, साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून आहारात अशी काटछाट करू नका. साखर एकदम फार खाली जाण्याची भीती असते.

काल सौ. फराळाची यादी करीत होती. मी सहज म्हणालो, "यंदा तुम्ही खा. मी आपला गॅलरीत बसेन."

तिची पेन्सिल थांबली. "ह्या घरात आता कोणी गॅलरीत बसायचे नाही," ती म्हणाली आणि यादीत सर्वांत वर तिने लिहिले : 'बदाम, पाव किलो. सर्वांसाठी.'

तिलाही ती गॅलरी आठवत होती, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.