रुळांवाचूनची वाट

इंग्लंडमधील स्विंडन या नगरात आम्हां गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. गेल्या मे महिन्याच्या सुटीत तेथे धाकट्या बंधूकडे राहण्याचा योग आला. एके दिवशी आगगाडीने ब्रिस्टल गाठले आणि तेथून भाड्याच्या सायकलीवर बसून आम्ही बाथ शहराकडे निघालो.

अंतर सुमारे २१ किलोमीटर. पण ही वाट मोटारींची नव्हे, ती मुळात आगगाडीची! बाथकडे जाणारा हा फाटा १८६९ साली सुरू झाला. १९६६ साली त्यावरील उतारूंच्या गाड्या बंद पडल्या आणि पुढे रूळही उचलले गेले. १९७९ साली काही सायकलप्रेमी नागरिकांनी स्वतः फावडी हाती घेऊन तेथे वाट बांधावयास आरंभ केला, व १९८६ साली ती पुरी झाली.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढाला घसरते. म्हणून रेलमार्गाचा चढ फार बेताचा राखावा लागतो. आडवी आलेली टेकडी फोडावी लागते, सखल जागी भराव घालावा लागतो. हे सारे श्रम झाले इंजिनासाठी. त्यांचे फळ मिळाले आमच्या गुडघ्यांना. लहानपणी सायकलवर बसताना आई म्हणे, “सवकास वच गो!” ती आज्ञा आम्ही त्या दिवशी प्रथमच पाळली. स्टेपल हिलचा अर्ध्या किलोमीटरचा थंडगार बोगदा ओलांडला, मँगट्सफील्डच्या ओसाड फलाटावर डब्यातील चपाती-भाजी खाल्ली, आणि बिटन स्थानकावर हौशी मंडळींनी जतन केलेली जुनी वाफेची गाडी पाहत चहा घेतला. पुढे एव्हन नदी कितीदा ओलांडली, ते मोजण्याचे भान राहिले नाही.

मनात राहिला तो मात्र एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा. पाठीला दप्तर लावून तो एकटाच सायकलीने चालला होता, आणि त्याची कोणालाही काळजी वाटत नव्हती.

आमच्या शाळेतही सायकलींसाठी पत्र्याची छपरी आहे. एके काळी तेथे जागेवरून भांडणे होत; आज तेथे मोडकी बाके रचलेली आहेत. सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा सातवीतील एका मुलीचे वडील विचारावयास आले, “बाई, हिला सायकलने पाठवू का?” रस्त्यावरील ट्रक डोळ्यांपुढे आले आणि आम्ही ‘नको’ म्हटले. त्याच आठवड्यात वर्गाला निबंध दिला : ‘सायकलचे फायदे’!

आमच्या गावात बंद पडलेला रेलमार्ग नाही, हे खरे. परंतु रस्ता रुंद करताना कडेचा दोन हातांचा पट्टा कठडा घालून मुलांसाठी राखून ठेवावयास रेलमार्ग कशाला हवा? मोटारींना जागा हवी असली की वाटेतली झाडे तोडता येतात, घरांच्या पायऱ्याही मागे सरकतात. मग या पट्ट्यापुरतीच जागा नेमकी कशी अपुरी पडते? पंचायतीकडे असा अर्ज पालक व शिक्षकांनी मिळून करावा, असे आमचे मत आहे. त्यावर पहिली सही आम्ही करू.

ती मुलगी अजून बसनेच येते.