शवपेटीपुढचे कौतुक

धर्मगुरूच्या वाट्याला मयतीचे प्रसंग फार येतात. आजवर किती शवपेट्यांवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. परंतु एक गोष्ट मनात पक्की नोंदली गेली आहे. मिस्सा संपत आली की कुटुंबातील कोणीतरी माइकपाशी येऊन मृताविषयी चार शब्द बोलतो. आई किती कष्टाळू होती, काका कसे न सांगता सर्वांच्या अडीअडचणीला धावून जात, सासूबाईंच्या हाताची चव आपल्याला कधीच का साधली नाही! बोलणाऱ्याचे डोळे भरून येतात, ऐकणाऱ्यांचेही येतात. सारे खरे असते, आणि सारे उशिरा झालेले असते.

अशा वेळी वेदीवर उभे असताना आम्हाला रागही येतो, हे आम्ही लपवीत नाही. याच सुनेच्या तोंडून याच सासूला गेल्या नाताळात एक गोड शब्द ऐकायला मिळाला असता, तर त्या म्हातारीची अखेरची वर्षे किती हलकी झाली असती! आणि सासूने तरी सुनेच्या स्वयंपाकाला कधी बरे म्हटले होते?

आपल्याकडे याचे समर्थन ठरलेले आहे. "फादर, तोंडावर कौतुक केले की माणूस शेफारतो." हे वाक्य आम्ही लहानपणी घरी ऐकले, सेमिनरीत अधिक शास्त्रशुद्ध भाषेत ऐकले. तेथे आम्हाला नम्रता शिकविण्यात आली, ते योग्यच झाले. परंतु स्वतः नम्र होणे निराळे, आणि दुसऱ्याला नम्र ठेवण्याचा मक्ता घेणे निराळे. पहिला सद्गुण आहे. दुसरा पुष्कळदा झगा घातलेला मत्सर असतो.

शुभवर्तमान या समर्थनाला मुळीच आधार देत नाही. नथनेल समोरून येत असता प्रभूने त्याच्या निष्कपटपणाची वाखाणणी त्याला ऐकू जाईल अशी केली. रोमी शताधिपतीच्या विश्वासाचे कौतुक त्याने जमावासमोर केले, आणि शताधिपती तर परका, त्यातून राज्यकर्त्यांच्या सैन्यातला! पेत्राला त्याने धन्य म्हटले व थोड्याच वेळात कठोरपणे झिडकारलेही. झिडकारावे लागेल म्हणून धन्य म्हणायचे राखून ठेवले नाही. संत पौलाची पत्रे पाहावीत. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, अनाचार माजला होता, प्रभुभोजनाच्या वेळीदेखील श्रीमंत जेवत आणि गरीब उपाशी राहत. अशा मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आरंभ पौल त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानून करतो. चाबूक नंतर येतो. आमच्या धर्मग्रामाच्या सभा मात्र चाबकानेच सुरू होतात, आणि आभारप्रदर्शनाच्या वेळी निम्मी मंडळी घरी गेलेली असतात.

कोणी म्हणेल, सत्कार तर आपण पुष्कळ करतो. करतो खरे. देणगीदाराला शाल मिळते, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स रस्त्यावर झळकतो, दहावीला नव्वद टक्के मिळविणाऱ्याला सणाच्या दिवशी व्यासपीठावर बोलावले जाते. बासष्ट टक्के मिळविलेले पोर, ज्याने आजारी वडिलांचे दुकान सांभाळून अभ्यास केला, ते मागच्या बाकावर टाळ्या वाजवीत असते. घरी त्याला विचारले जाते, उरलेले अडतीस कुठे गेले? ज्याला गरज नाही त्याला दिलेला हार म्हणजे खुशामत. तिला उत्तेजनाच्या खात्यावर मांडू नये.

११ जून हा संत बर्णबाचा सण. शाळा उघडण्याच्या धांदलीत तो कधी येतो नि जातो, कळत नाही. त्याचे मूळ नाव योसेफ, सायप्रसचा लेवी. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले. मराठी बायबलात त्याचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिला आहे. मूळ ग्रीक शब्दात बोध आहे तसा धीर आहे, सांत्वन आहे. पवित्र आत्म्याला 'कैवारी' म्हणतात तो शब्दही त्याच धातूचा. आम्ही उपदेशकांनी त्यातला बोध तेवढा उचलला आणि धीर सोडून दिला. शौल पालटून यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांना त्याची भीती वाटत होती. ती भीती अकारण नव्हती. बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांपाशी नेले आणि आपला शब्द त्याच्यासाठी पणाला लावला. पुढे अर्ध्या वाटेवरून परतलेल्या मार्कासाठी तो पौलाशीच भांडला. प्रेषितांची कृत्ये सांगतात की त्या भांडणापायी दोघे वेगळे झाले. उत्तेजन देणाऱ्याला असे काही गमवावेही लागते.

आता आमचीच गोष्ट सांगतो. पापनिवेदनाची नव्हे, कचेरीतली. आणि ज्याची आहे त्याच्या परवानगीने. एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, तीन आठवडे झाले, थेंब घेतला नाही." आम्ही मान वर करून म्हणालो, "चांगले आहे. पण मागेही तुम्ही असेच म्हणाला होता." ते उठले, स्तुती असो म्हणाले आणि गेले. त्या आठवड्यात ते पुन्हा प्याले. व्यसन हा आजार आहे, त्याचे खापर एका वाक्यावर फोडता येणार नाही, हे आम्हाला कळते. ते वाक्य मात्र आमचेच होते.

पुढे त्यांना हात दिला तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना सावरताना सुरू केलेली ही चळवळ. तिची सभा आमच्याच सभागृहात भरत असे. एका संध्याकाळी आम्ही दारातून पाहिले. कोणीतरी उठून सांगितले की आज त्याचा दुसरा दिवस, आणि सारी खोली टाळ्यांनी दुमदुमली. दोन दिवसांसाठी! ते लोक एका वेळी एका दिवसाचाच विचार करतात. इब्री लोकांस लिहिलेले पत्रही हेच सांगते, की 'आज' म्हणता येते तोवर रोजच्या रोज एकमेकांना धीर द्या. त्याच पत्रावर आम्ही वरच्या मजल्यावर प्रवचने दिली होती.

चुकलेल्याला सांगूच नये काय, असा प्रश्न येईल. अवश्य सांगावे. परंतु प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी त्याला एकट्याला गाठून सांग. आपण चूक चारचौघांत सांगतो आणि गुण मनातल्या मनात ठेवतो. बायकोला भाजी चांगली झाली हे सांगायला चाळीस वर्षे पुरत नाहीत, मीठ जास्त झाले हे सांगायला पहिला घास पुरतो.

ते गृहस्थ आता दर रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात. परवा सणाच्या तयारीच्या बैठकीत मंडपाची जबाबदारी कोणाकडे द्यावी अशी चर्चा निघाली, आणि आम्ही त्यांचे नाव सुचविले. क्षणभर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, "फादर, अजून एक वर्ष पाहू या." आम्ही त्यांचे नाव वहीत लिहिले, आणि पुढच्या विषयाकडे वळलो.