दया पुरे, व्यवस्था हवी

वृद्धाश्रमाचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित समाजांत एकच वाद रंगतो: आईबापांना तेथें ठेवणारा मुलगा कृतघ्न कीं अगतिक? या वादावर नाटकें झालीं, व्याख्यानें झालीं, दिवाळी अंकांचीं पानें भरलीं. आमच्या मतें हा वाद आतां पुरे झाला. मुलाचें पाप तोलण्यांत आम्ही इतके गढून गेलों आहों कीं, म्हातारीला तेथें ठेवल्यावर तिचें पुढें काय होतें, हा त्याहून निकडीचा प्रश्न विचारावयाचाच राहून गेला. रात्रीं दोन वाजतां तिची कूस कोण बदलतें?

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणें दर दोन तासांनीं बदलावी लागते. ती न बदलली तर माकडहाडावर, खुब्यावर, टांचांवर क्षतें पडतात, चिघळतात आणि अखेर जिवावर बेततात. उतारवयांत तहानेची जाणीव मंदावते. म्हणून उशाशीं तांब्या भरून ठेवल्यानें भागत नाहीं, पाणी वेळोवेळीं पाजावें लागतें. रात्रीं हांक मारून कोणी आलें नाहीं, तर म्हातारा शौचासाठीं अंधारांत एकटाच उठतो, पडतो आणि खुब्याचें हाड मोडून घेतो. त्यानें हांकच मारूं नये म्हणून झोपेची गोळी दिली, तर पडण्याचा धोका उलट वाढतो. नातलग म्हणतात, ‘वय झालें होतें.’ वय झालें होतें हें खरें; पण मरण वयानें आलें कीं हयगयीनें, याची चौकशी कोणी केली?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीनें १८५९ सालीं शुश्रूषेवर लहानसें पुस्तक लिहिलें, त्यांत किरकोळ व्यवस्थापनावर एक स्वतंत्र प्रकरणच घातलें. आपण हजर असतांना जें होतें तें आपण नसतांनाहि होईल अशी तजवीज करणें, हें तिच्या मतें शुश्रूषेचें मर्म होतें. आमच्याकडे नेमकी हीच तजवीज नसते. प्रेमळ संचालक दिवसा असतात. रात्रीं असते ती तुटपुंज्या पगारावर बारा तास राबणारी, कसलेंहि शिक्षण न मिळालेली एखादी बाई, आणि तिच्यावर सोंपविलेल्या खाटांची रांग. त्या बाईला दोष देणें हा भ्याडपणा होय.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? कायदे आहेत, पण ते या खाटेपर्यंत पोंचत नाहींत. मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. आजारी, जखमी वा विकल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणारी जागा, अशी त्याची व्याख्या आहे. परंतु पाटीवर ‘आश्रम’ हा शब्द लिहिला कीं या कायद्याची आठवण क्वचितच कोणाला होते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें धर्मादाय आयुक्त संस्थेचे हिशेब पाहतो. अंथरुणांतल्या माणसाची पाठ पाहणें हें त्याचें काम नव्हे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें जिल्ह्यागणिक निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असें निवासगृह सांगितलें, त्यांच्या व्यवस्थेचे दर्जे ठरविण्याचीहि तरतूद केली. पण क्रियापद कोणतें? सरकार हें ‘करूं शकेल’! आईबापांना टाकून देणाऱ्या मुलाला त्याच कायद्यांत तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. मुलाला शिक्षा आणि सरकारला मुभा, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

कायद्याहून मोठा आडपडदा आमच्या लाजेचा आहे. मुलगा लाजेनें कोणाशीं बोलत नाहीं, म्हणून आश्रमाची खोड चारचौघांत येत नाहीं. आई मुलाला ओशाळें करावयाचें नाहीं म्हणून ‘बरें चाललें आहे’ म्हणते. देणगीदार वाढदिवसाला मिष्टान्न वांटतात, छायाचित्र काढतात आणि पुण्य पदरीं बांधून परततात. ज्या पुण्याला तपासणी खपत नाहीं, त्याच्या पोटीं हयगय वाढते. दान घेणाऱ्याला जाब विचारतां येत नाहीं, असा समज धर्मानें शिकविलेला नाहीं. तो आमच्या आळसानें शिकविला आहे.

आमच्यावर आक्षेप येईल कीं, कडक नियमांनीं चांगल्या संस्थाहि बंद पडतील. आम्ही विचारतों, नियमांना फार पैसा लागतो काय? एक वजनकांटा, एक वही, उघडें दार. प्रत्येकाचें वजन महिन्याला नोंदावें. कोण पडलें, कोणाच्या अंगावर क्षत आहे, झोपेची गोळी कोणाच्या सांगण्यावरून दिली, हें त्याच वहींत लिहावें. नातलगांना कोणत्याहि वेळीं आंत येऊं द्यावें. अनामत रक्कम केव्हां व किती परत मिळेल, हें आधीं लेखी द्यावें. कारण ती अडकली कीं माणूसहि अडकतो. खर्चाची बाब एकच, रात्रपाळीला पुरेसें व शिकलेलें माणूस. आणि तेथें देणगी मिष्टान्नाऐवजीं पगारासाठीं द्यावी. सरकारनें नोंदणी सक्तीची करावी, न कळवितां तपासणी करावी आणि तिचा अहवाल आश्रमाच्या दारावर लावावा. खरोखर चांगल्या संस्थेची याला हरकत असण्याचें कारण नाहीं. उलट तिची कीर्तिच वाढेल.

२०११ च्या शिरगणतींत या देशांत साठीपलीकडचे लोक दहा कोटींहून अधिक भरले. यांतील बहुतेक घरींच राहतात, तेहि आमच्या हयगयीपासून सुटलेले नाहींत. परंतु घरच्या हयगयीला निदान शेजारी साक्षी असतो. आश्रमाच्या चार भिंतींना साक्षी कोण? म्हणून आमच्या वाचकांना विनंती एवढीच. पुढच्या वेळीं आश्रमांत जाल तेव्हां बाग, देवघर आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी पाहूं नका. न कळवितां जा, तिन्हीसांजेनंतर जा, आणि ती वही दाखवा म्हणून सांगा. वहीच नसेल, तर देणगीचा धनादेश खिशांत परत ठेवा आणि वही कां नाहीं तें विचारा.